राहिलेलं अर्धं

मी रेकॉर्डर बोलतोय. बोलायची मला सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या. माझा जन्म ऐकण्यासाठी झाला. दुसऱ्याचं ऐकायचं, जसंच्या तसं ठेवायचं आणि विचारलं की तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. आज पहिल्यांदाच पदरचं सांगतोय. चुकेल की काय अशी धाकधूक आहे. पण ही धाकधूक माझी स्वतःची की माझ्या मालकिणीची, हे मला हल्ली ओळखता येत नाही. एका घरात राहिलं की वाण नाही पण गुण लागतोच.

दिसायला मी खास नाही. मुठीत मावेन एवढा, काळा, डोक्यावर नाकतोड्याच्या मिशांसारखे दोन माइक. ते माझे कान. कारखान्यात मला जाड फोम लावलेल्या एका खोलीत नेलं आणि एका बाईने माझ्यासमोर एकदा टाळी वाजवली. मी ती ठेवून घेतली. "हा ठीक," असं म्हणून तिने मला डब्यात घातलं. आयुष्यातली पहिली टाळी, आणि तीही तपासणीची.

माझा पहिला मालक बातमीदार होता. त्याच्याकडे मी भाषणं ऐकली. "या प्रकरणाची सखोल चौकशी केली जाईल" हे वाक्य माझ्या पोटात इतक्या वेगवेगळ्या आवाजांत आहे की त्याचं एक समूहगान बसवता येईल. मग त्याने नवीन यंत्र घेतलं आणि मी माझ्या सध्याच्या मालकिणीकडे आलो.

ती तेव्हा एका चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायची, अजूनही तपासते. दिवसभर समोरच्याला विचारायचं, "हे जास्त स्पष्ट की हे?" आणि स्वतःला मात्र कधी कुठलंच धड स्पष्ट दिसायचं नाही. दुकानाला कुलूप लावल्यावर परत जाऊन ओढून बघायची. भाजी घेताना दुकानदारालाच विचारायची, "ही घेऊ का?" अशा बाईला जगात एकाच गोष्टीची पक्की खात्री होती, ती म्हणजे तिचा बँड.

त्या बँडमध्ये पाच जण. दोन गिटार, एक कीबोर्ड, एक ड्रम आणि सगळ्यांच्या मागे उभी राहून जाड तारांचं बेस वाजवणारी एक पिकल्या केसांची बाई. त्यांची रीत अशी की एकच गाणं ते दोनदा सारखं वाजवत नाहीत. सुरुवात ओळखीची असते, मग कुणीतरी एक जण वाट सोडतो, बाकीचे त्याच्या मागे जातात, आणि पुढे अर्धा तास कुठे चाललोय हे त्यांनाही ठाऊक नसतं. कधी एका गाण्यातून दुसऱ्यात शिरतात आणि पहिलं तसंच उघडं टाकतात. ते पुढच्या कार्यक्रमात पुरं करतील, नाहीतर वर्षानुवर्षं करणारच नाहीत. चाहते वाट बघत बसतात. माणसांचा हा उद्योग मला आधी समजला नव्हता. आता थोडा समजतो.

आणि कार्यक्रम पुन्हा तसा होणार नसतो, म्हणून तो ठेवून घ्यायला माझ्यासारखे लागतात. हा बँड त्याला मनाई करत नाही. आवाजाच्या टेबलामागे दोरी लावून एक कोपरा राखलेला असतो. तिथे उंच स्टँडवर आम्ही दहाबारा यंत्रं आणि खाली आमची माणसं. या कोपऱ्याचे नियम कडक. वाजत असताना बोलायचं नाही. टाळी वाजवायची नाही. दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा नाही, मग ते पेटलं तरी. हे नियम सांभाळणारे एक उंच, किडकिडीत गृहस्थ आहेत. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. ते कुठल्या शाळेत होते की नव्हते, कुणाला माहीत नाही. पण कुणी कुजबुजलं की चष्म्यावरून असं बघतात की बोलणारा पुढचा शब्द गिळतो.

माझ्या बटणाबद्दल इथेच सांगून ठेवतो. ते एकदा दाबलं की माझे कान टवकारले जातात आणि लाल दिवा लुकलुकायला लागतो. पण मी काही ठेवत नसतो. फक्त तयार असतो. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि मी ठेवायला लागतो. दोनदा दाबायचं, बस. लहान मूलही शिकेल.

तिच्या लग्नाआधीची एक रात्र माझ्या पोटात आहे. त्या रात्री बँडने एक लांबलचक रचना वाजवली. तिच्या शेवटाकडे चार सूर पायऱ्यांसारखे वर चढत जातात आणि पाचव्यावर सगळं येऊन टेकतं. त्या रात्री चार चढले, आणि गिटारवाला पाचव्याच्या तोंडाशी वळून भलत्याच गाण्यात शिरला. पाचवा राहिला तो राहिलाच. पुढे इतके कार्यक्रम झाले, पण त्या रचनेला त्यांनी हात लावला नाही. चाहते तिला नुसतं "ते अर्धं" म्हणायला लागले. माझ्याकडच्या त्या अर्ध्यात मागे एक बारीक घोरणंही आहे. ते तिच्या एका मित्राचं. या संगीतात त्याला काडीचा रस नव्हता, तरी तो तिच्याबरोबर यायचा आणि दोरीला टेकून झोपायचा. तिने पुढे त्याच्याशीच लग्न केलं.

मग बाळ झालं आणि मी मोज्यांच्या खणात गेलो.

राग नाही आला. घरात झोपच उरली नव्हती, तिथे गाणं कुठून उरणार. बाळ पंधरा दिवसांचं असताना तिने मला एकदा बाहेर काढलं, तेही पाळण्याच्या कठड्याला बांधायला. बाळ झोपेत कसलातरी आवाज करतं, तो डॉक्टरांना ऐकवायचा होता. मी रात्रभर तो आवाज ठेवला. डॉक्टरीणबाईंनी ऐकला आणि म्हणाल्या, "नाक चोंदलंय. बाळ उत्तम आहे. तुम्ही झोपता का?" ती हो म्हणाली. त्या रात्री बाळ गाढ झोपलं आणि ती उशाशी मला घेऊन आदल्या रात्रीचा बाळाचा श्वास ऐकत जागी राहिली. मी भाषणं ऐकलीत, धडधडीत खोटंही ऐकलंय. पण समोर श्वास घेणारं मूल असताना त्याच्या जुन्या श्वासाची खात्री करून घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

बाळ सहा महिन्यांचं झालं आणि बँड शहरात आला. बेस वाजवणारी बाई या दौऱ्यानंतर थांबणार, अशी बातमी होती. म्हणजे ते अर्धं पुरं व्हायचं तर आता, नाहीतर कधीच नाही.

"तू जा," नवरा म्हणाला.

"बाळ बाटली तोंडात धरत नाही."

"भूक लागली की धरेल."

"आणि नाही धरली तर?"

"तर मी चमच्याने पाजेन. अगं, मी बाप आहे त्याचा, वॉचमन नाही."

बाटलीचा सराव आठवडाभर चालला. बाळ बाटलीकडे असं बघायचं, जसं मास्तर कुजबुजणाऱ्याकडे बघतात. शेवटी दोघांनी असं ठरवलं, की अगदीच हाताबाहेर गेलं तर नवऱ्याने फोनवर एकच शब्द पाठवायचा, "ये". मग ती असेल तिथून निघणार.

"आणि सगळं ठीक असलं तर काही पाठवत नाही," तो म्हणाला. "पण मग काही आलं नाही म्हणून तू काळजी करशील."

"ती मी तशीही करणारच आहे," ती म्हणाली आणि मला मोज्यांतून बाहेर काढून फुंकर मारली.

कार्यक्रम एका जुन्या, उंच छपराच्या गोदामात होता. आम्ही कोपऱ्यात पोचलो तेव्हा मास्तरांचं स्टँड उभं होतं. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बऱ्याच दिवसांनी."

"बाळ झालं."

"छान. फोन बंद केलास?"

"बंद नाही करता येणार, मास्तर. आवाज काढून टाकलाय. नुसता थरथरतो."

"थरथर शेजारच्या यंत्राच्या ध्वनिमुद्रणात येते. स्टँडपासून चार हात लांब उभी राहा."

ती लांब उभी राहिली. पहिला भाग सुरू झाला. मी दोन्ही दाब नीट खाल्ले होते, दिवा स्थिर होता, सगळं ठेवत होतो. पण माझ्या मालकिणीला काहीच ऐकू येत नव्हतं. पूर्वी हिचे डोळे मिटलेले असायचे, आता ते खिशावर होते. गिटार वर चढली की ती फोन बाहेर काढून बघायची, ड्रम थांबले की बघायची. काही आलेलं नसायचं. त्याने तिचा चेहरा आणखी पडायचा.

मध्यंतर झालं. तिने मला थांबवलं आणि घरी फोन लावला. मी स्टँडवर होतो, तिच्या बाजूचं सगळं ऐकू येत होतं आणि नवऱ्याचा आवाजही, कारण तो बाळाच्या वरताण बोलत होता.

"रडतंय का?"

"रडतंय ना. आधी ते रडत होतं, मग मी, आता शेजारच्या काकू ऐकून गेल्या."

"दूध?"

"चमच्याने दिलं. अर्धं त्याने घेतलं, अर्धं माझ्या शर्टाने."

"मी येते."

"तुला यायचं असेल तर ये."

"तू सांग ना, येऊ का?"

"मी नाही सांगणार. मग आयुष्यभर माझ्या नावाने खडे फोडशील. तुझं तू ठरव." आणि बाळाच्या एका किंकाळीत फोन बंद झाला.

ती माझं स्टँड मिटायला लागली. एक पाय मिटला आणि ती मास्तरांकडे वळली. कुणाला तरी विचारल्याशिवाय हिचं पाऊल उचलत नाही.

"मास्तर, मी जाऊ का?"

मला वाटलं, आता ते काहीतरी मोठं, शहाणपणाचं बोलतील. ते आपली तार गुंडाळत म्हणाले, "जायचं तर आत्ता जा. वाजायला लागल्यावर गेलीस की बाकीच्यांच्या स्टँडला धक्के बसतात."

"पण आज ते अर्धं वाजवतील?"

"मी काय त्यांच्या पोटात शिरलोय?"

ती हसली. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. मिटलेला पाय तिने पुन्हा उघडला. "एकच गाणं," ती कुणाला तरी म्हणाली. बहुतेक बाळालाच.

दिवे मंदावले. तिने माझं बटण एकदा दाबलं, आणि त्याच क्षणी तिला खिसा थरथरल्यासारखा वाटला. तो थरथरला नव्हता. मी शपथेवर सांगतो, थरथरला नव्हता. पण तिने फोन काढून बघितला, काही नाही असं पाहून परत ठेवला आणि चार हात लांब जाऊन उभी राहिली. दुसरा दाब राहिला.

माझे कान टवकारलेले, दिवा लुकलुकतोय, आणि पोटात काही जात नाही.

सुरुवातीला माझी तारांबळ उडाली. मी काय करणार? ओरडता येत नाही, हलता येत नाही. लुकलुकत राहिलो. बाई, इकडे बघ. बाई, एकदा बघ. ती समोर स्टेजकडे बघत होती.

पण थोड्या वेळाने मला काहीतरी वेगळंच व्हायला लागलं. एरवी माझं ऐकणं म्हणजे हमाली. आलेला आवाज मापायचा, कापायचा, रचायचा, की पुढचा हजर. हमालाला पोत्यातल्या तांदळाचा वास येत असेल का, मला माहीत नाही. मला तरी कधी आला नव्हता. त्या रात्री पाठीवर पोतं नव्हतं आणि मी पहिल्यांदा गाणं नुसतं ऐकलं.

मी काय सांगू तुम्हाला. छपराचे पत्रे बेसच्या प्रत्येक सुराबरोबर किंचित गुणगुणत होते. दोन गिटारी एकमेकींना प्रश्न विचारत होत्या आणि उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न. कीबोर्डवाला बराच वेळ काही वाजवतच नव्हता, पण त्याचं न वाजवणंही ऐकू येत होतं. हजारो माणसं अंधारात उभी होती आणि त्यांचे श्वास हळूहळू एका तालावर येत होते. मी श्वासाचा जाणकार आहे, रात्रभर ऐकलाय. एवढी माणसं न ठरवता बरोबर श्वास घेतात, हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी हे घरी वाहून नेत होतो आणि आत काय आहे याचा मला पत्ता नव्हता.

त्या सगळ्याच्या तळातून बेसवाल्या बाईने एक सूर काढला. जुना. ओळखीचा. गिटारवाल्याने मान वर केली. बाई त्याच्याकडे न बघता वाजवत राहिली, आणि ते अर्धं परत आलं.

माझ्या मालकिणीने आधी ओळखलं. इतरांना कळायच्या आत तिचा हात तोंडावर गेला. मग लोकांना कळलं आणि एवढ्या मोठ्या गोदामात कुणी ओरडलं नाही.

आणि मास्तरांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

त्यांनी माझा लुकलुकणारा दिवा पाहिला. तिच्याकडे पाहिलं, तिची पाठ होती. एक हात माझ्या दिशेने उचलला आणि मागे घेतला. दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा नाही. तोंड उघडलं आणि मिटलं. आजवर एकाही माणसाला त्यांनी या कोपऱ्यात शिंकू दिलेलं नव्हतं. आजूबाजूला दहाबारा यंत्रं, सगळ्यांचे दिवे स्थिर, सगळ्यांच्या पोटात हे जात होतं, त्यांच्या स्वतःच्याही. मला वाटलं, हा माणूस बोलणार नाही.

ते खाकरले. आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "अगं पोरी, दिवा बघ, दिवा. लुकलुकतोय."

कोपऱ्यातली सगळी डोकी वळली. ती धावत आली आणि तिने बटण दाबलं. दिवा स्थिर झाला. मी पुन्हा कामाला लागलो. म्हणून याच्यापुढचं मी तुम्हाला हमालासारखंच सांगू शकतो, काय काय वाहिलं ते.

ती आता माझ्या अगदी शेजारी होती. चार हात लांब जायला तिची हिंमत झाली नाही, खालच्या फळ्या करकरल्या असत्या. पहिला सूर चढला. दुसरा चढला. आणि तिचा खिसा थरथरला. या वेळी खराच. गुर्र, गुर्र. माझ्यात ते स्वच्छ आलंय.

तिचा हात खिशाकडे गेला. तिला माहीत होतं काय आलं असणार. एकच शब्द ठरला होता. हात खिशात शिरला, फोनवर टेकला, आणि तिथेच राहिला. तिने तो बाहेर काढला नाही. मी तिला चांगला ओळखतो. कुलूप दोनदा ओढून बघणारी ही बाई. तिने न बघायचं ठरवलं, आणि हे कुणालाही विचारून ठरवलं नाही.

तिसरा सूर. चौथा. चौथ्यावर ते इतका वेळ थांबले की एवढी माणसं श्वास रोखून उभी राहिली. मग पाचवा.

मी तो ठेवलाय. पण तो कसा होता हे मला सांगता येत नाही, आणि हा माझ्यासारख्याने द्यावा असा कबुलीजबाब नाही. एवढंच सांगतो की तिच्या शर्टावर छातीशी दोन ओले डाग उमटले आणि मोठे होत गेले. घरी बाळ होतं, दूध इथे आलं. तिने ते झाकलं नाही. डोळ्यांतूनही येत होतं, तेही पुसलं नाही. मास्तर छपराकडे बघत होते.

सूर विरत असताना खिसा पुन्हा थरथरला. शेवटचा आवाज पुरता मिटल्यावरच तिने फोन काढला. दोन निरोप होते, एकाखाली एक. पहिला: "ये." दुसरा: "नको. झोपलं. माझ्या पोटावर. मला हलता येत नाहीये, सावकाश ये."

ती मटकन खाली बसली, दोरीजवळ, फळ्यांवर. हसत होती का रडत होती, ते मुद्रणावरून ओळखता येत नाही. मी बऱ्याचदा प्रयत्न केलाय. त्यानंतर एकदा, अगदी हळू, तिचा आवाज येतो, "माझ्याशिवाय झोपलं." त्यात आनंद जास्त आहे की दुःख, तेही नाही कळत.

त्या रात्रीची बाकीच्यांची मुद्रणं आता चाहत्यांत फिरताहेत. सगळ्यांत मास्तरांचं "अगं पोरी, दिवा बघ" आहे. लोक ते वाक्य यायची वाट बघतात म्हणे. माझ्यात ते नाही. माझ्यात दोन गुरगुरी आहेत, ती माझ्याच शेजारी उभी होती म्हणून त्या फक्त माझ्यात. मास्तर घरी येऊन म्हणाले होते, "दे, ती गुरगुर काढून देतो. साफ होईल."

"आणि तुमचा आवाज सगळ्यांच्यातून काढाल?"

"तो राहू दे. लोकांना आवडतोय," ते गंभीरपणे म्हणाले आणि बाळाला मांडीवर घेऊन चष्म्यावरून त्याच्याकडे बघत बसले. बाळानेही तसंच बघितलं.

आता मी स्वयंपाकघरातल्या खिडकीत असतो. बॅटरीचं झाकण मोडलंय, रबराने बांधलंय. बाळ चालायला लागलंय, माझे नाकतोड्याचे कान ओढतं. हे फार दिवस टिकणारं आयुष्य नाही, हे मला कळतं. मी बंद पडलो तर खुशाल टाका, पण त्याआधी ते मुद्रण दुसरीकडे उतरवून घ्या, आणि कुणी कितीही शहाणा सांगायला आला तरी ते साफ करू नका. "ये" आणि "नको" यांच्या मध्ये एका बाईने काय केलं, ते फक्त माझ्याकडे आहे.

भांडी घासताना ती अधूनमधून ते लावते. पहिली गुरगुर आली की साबणाचा हात अजूनही खिशाकडे जातो. मग पाचवा सूर येईपर्यंत ती तशीच उभी राहते, आणि हातावरून पाणी गळत राहतं.